हिमालयात जा, पण विद्यार्थी म्हणून

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया या देशांतल्या माध्यमिक शाळांत गेल्या तीन-चार दशकांत परदेशी मोहिमांची प्रथा चांगलीच रुजली आहे. सोळा-सतरा वर्षांची पंधरा-वीस मुले-मुली, त्यांचे एक-दोन शिक्षक आणि मोहीम भरवणाऱ्या कंपनीचा लीडर असा गट दोन ते चार आठवड्यांसाठी नेपाळ, लडाख, पेरू किंवा टांझानियाला जातो. काही दिवस डोंगरवाटांवर ट्रेक, काही दिवस एखाद्या गावात ‘सेवा’ आणि उरलेले दिवस भटकंती, अशी त्याची ठरीव आखणी असते. माणशी खर्च काही हजार पाउंडांच्या घरात जातो. त्यातला बराचसा मुलांनी वर्ष-दीड वर्ष केक विकून, गाड्या धुऊन, लहानमोठी कामे करून जमवावा अशी अपेक्षा असते. मुंबई-पुण्याच्या आंतरराष्ट्रीय शाळांनाही हा प्रकार अनोळखी नाही. इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या पदविकेला सर्जन, शारीरिक उपक्रम आणि सेवा या तिन्हींची जोड सक्तीची असल्याने डोंगर आणि सेवा एकाच सहलीत उरकण्याचा मोह तिथेही होतो. या मोहिमांचा आढावा घेताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ट्रेक आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोघींचा हिशेब एकत्र मांडला की पहिलीचे खरे गुण दुसरीच्या खात्यावर जमा होतात आणि दुसरीचे दोष झाकले जातात. हिशेब वेगळा केला, तर डोंगराच्या बाजूने बरेच काही सांगता येते. सेवेच्या बाजूने, निदान आज ती जशी चालते तशी, फारच थोडे सांगता येते.

या दोन्ही गोष्टींचे मूळही वेगळे आहे. शाळकरी मुलांना दुर्गम प्रदेशात नेण्याची ब्रिटिश कल्पना शोधमोहिमांच्या परंपरेतून आली. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत डॉक्टर म्हणून गेलेल्या मरे लेव्हिक यांनी १९३२ मध्ये त्यासाठी संस्था काढली. तिच्या नावातच ‘पब्लिक स्कूल्स’ होते, म्हणजे ती मुळात वरच्या वर्गातल्या मुलग्यांसाठी होती. नाझी जर्मनीतून ब्रिटनमध्ये आलेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी १९४१ मध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर अबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू केली. कष्ट, जोखीम आणि एकमेकांवरचे अवलंबन यांतून चारित्र्य घडते, हा त्यांचा सिद्धांत होता. १९५६ मध्ये सुरू झालेल्या ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कारावरही त्यांचीच छाप आहे. श्रमसेवेचा प्रवाह मात्र पहिल्या महायुद्धाच्या राखेतून निघाला. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये उद्ध्वस्त गावे पुन्हा उभी करण्यासाठी श्रमशिबिरे सुरू केली. बिहार-नेपाळच्या १९३४ च्या भूकंपानंतर ते स्वतः बिहारमध्ये आले, पुन्हा पुन्हा येऊन राहिले आणि गावे नव्या जागी वसवण्याच्या कामात स्थानिक लोकांबरोबर राबले. महाराष्ट्राला हा दुसरा प्रवाह ओळखीचा आहे. बाबा आमटे यांच्या सोमनाथच्या छावणीने तरुणांच्या कित्येक पिढ्यांना कुदळ-फावड्याची ओळख करून दिली. हे दोन प्रवाह एकत्र आले ते पुढे, शाळांसाठी मोहिमा भरवणाऱ्या कंपन्यांच्या हातून. त्यांतली एक मोठी कंपनी, वर्ल्ड चॅलेंज, १९८७ मध्ये सुरू झाली. या मिलाफाला व्यवहाराचे कारण होते. नुसता ट्रेक पालकांना आणि मुख्याध्यापकांना चैनीचा वाटतो. नुसती सेवा मुलांना ओढत नाही. दोन्ही जोडले की एकाला दुसऱ्याचा आधार मिळतो.

आधी डोंगराची बाजू पाहू. साहसी शिक्षणाने मुलांत खरोखर बदल होतो का, यावर बरेच संशोधन झाले आहे. जॉन हॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अशा ९६ अभ्यासांचा एकत्रित लेखाजोखा मांडला. आत्मविश्वास, स्वतःवरचा ताबा, निर्णय घेण्याची तयारी या बाबतींत त्यांना मध्यम पण खरा फायदा दिसला. शाळेतल्या बहुतेक उपक्रमांचा परिणाम ते संपताच ओसरू लागतो. इथे तो नंतरच्या काळातही टिकला आणि काही बाबतींत वाढला. कार्यक्रम जितका लांब, तितका लाभ जास्त, असाही कल आढळला. याचे कारण समजायला अवघड नाही. डोंगरात चुकीचा परिणाम लगेच भोगावा लागतो. पाणी कमी भरले तर दुपारी घसा कोरडा पडतो, तंबू नीट ताणला नाही तर रात्री तो गळतो, आणि गटातला सगळ्यात हळू चालणारा ठरवतो तोच सगळ्यांचा वेग असतो. वर्गात महिनाभर सांगूनही न कळणारे हे दोन दिवसांत कळते. मात्र हे सगळे तेव्हाच घडते, जेव्हा नकाशा, शिधा आणि पैसे मुलांच्या हातात असतात. ज्या सहलीत सामान दुसरा वाहतो, स्वयंपाक तिसरा करतो आणि वाट चौथा दाखवतो, तिथे उंची कितीही असो, शिक्षण थोडेच होते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. एवढेच हवे असेल तर हिमालय कशाला? वेल्सचे डोंगर किंवा स्कॉटलंडची पठारे पुरेशी नाहीत का? लंडन ते काठमांडू जाऊन येऊन साडेचौदा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर होते. त्या एका प्रवासात प्रत्येक मुलाच्या वाट्याला टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड येतो, आणि नेपाळमध्ये माणशी वर्षभराचे उत्सर्जन अर्ध्या टनाच्या आसपास आहे. हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. चारित्र्य घडवणे हेच उद्दिष्ट असेल तर विमानाची गरज नाही, हे मान्यच करायला हवे. तरीही हिमालयात असे काही आहे जे मोकळ्या स्कॉटिश पठारांवर नाही. हा माणसांनी वसलेला डोंगर आहे. अन्नपूर्णा परिसरात १९८६ पासून चालणारा संवर्धन प्रकल्प पर्यटकांकडून प्रवेशशुल्क घेतो आणि ते पैसे वाटा, पूल, जंगल आणि गावांच्या कामांत घालतो. साडेसात हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा प्रदेश लोकवस्तीसह राखला जातो. त्या वाटेने चालताना मुलाला भातखाचरे, ओकची जंगले, चौऱ्यांची, म्हणजे याक-गाय संकरित जनावरांची, कुरणे आणि वरचा कोरडा पर्जन्यछायेचा प्रदेश आठवडाभरात पायाखालून जाताना दिसतो. हिंदू गावे मागे पडतात, बौद्ध गावे येतात. भूगोल, शेती, धर्म आणि पर्यटनाचे अर्थकारण यांचा इतका दाट पाठ दुसरीकडे क्वचितच मिळतो. म्हणून परदेशी मोहिमेचे समर्थन शिक्षणाच्या पायावर होऊ शकते. पण मग ती शिक्षणाइतकीच गंभीरपणे घ्यायला हवी. तयारी वर्षभराची हवी, मुक्काम लांब हवा आणि शाळेच्या आयुष्यात तिची जागा एखाद्याच वेळेची हवी.

गांभीर्याची पहिली कसोटी सुरक्षेची. ब्रिटनमध्ये लाइम बे इथे १९९३ मध्ये कनूतून गेलेल्या शाळकरी गटातल्या चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर १९९५ मध्ये साहसी केंद्रांच्या परवान्याचा कायदा झाला, पण तो देशाबाहेरच्या मोहिमांना लागू होत नाही. ती पोकळी भरण्यासाठी पुढे ‘बीएस ८८४८’ हे मानक आले. एव्हरेस्टच्या उंचीवरून क्रमांक घेतलेले हे मानक ऐच्छिक आहे. २०११ मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर लेव्हिक यांच्याच संस्थेच्या मोहिमेवर ध्रुवीय अस्वलाने हल्ला केला आणि एक सतरा वर्षांचा मुलगा दगावला. म्हणजे दीर्घ अनुभव असलेल्या संस्थेलाही चूक परवडत नाही. हिमालयात अस्वलापेक्षा विरळ हवेचा धोका मोठा आणि अधिक रोजचा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा सर्वमान्य नियम आहे. विमानाने थेट साडेतीन हजार मीटरवरच्या लेहला उतरणारा गट पहिल्याच दिवशी हा नियम मोडतो, म्हणून तिथले पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांतीचे असले पाहिजेत. परतीचे तिकीट ठरलेले, सेवेचे दिवस ठरलेले, तर काटछाट कुठे होणार? उंचीशी जुळवून घेण्याच्या दिवसांतच. ऑक्टोबर हा नेपाळमधला ट्रेकचा उत्तम महिना मानला जातो. त्याच महिन्यात, २०१४ मध्ये, थोरोंग ला खिंडीच्या परिसरात हिमवादळाने चाळीसहून अधिक बळी घेतले. अशा ठिकाणी मागे फिरण्याइतकी सवड आखणीतच असावी लागते. महाराष्ट्राने साहसी पर्यटनासाठी २०२१ मध्ये धोरण आणले, त्यामागची गरजही अशीच होती. पण राज्याबाहेर गेलेल्या शाळेच्या गटाला शेवटी आधार असतो तो नियोजनाचा, कागदाचा नव्हे.

सुरक्षेचा विचार बहुधा आपल्या मुलांपाशी येऊन थांबतो. खरे तर वाटेवर सगळ्यात जास्त ओझे आणि सगळ्यात कमी कपडे असतात ते पोर्टरच्या अंगावर. बाहेरच्यांना वाटते की नेपाळी माणूस म्हणजे जन्मतःच उंचीला सरावलेला. प्रत्यक्षात पोर्टरपैकी बरेच जण खालच्या पहाडातले राई, तामांग, मगर शेतकरी असतात आणि विरळ हवेचा त्रास त्यांनाही पाहुण्यांइतकाच होतो. आजारी पडलेल्या पोर्टरला पैसे देऊन एकटे खाली पाठवण्याच्या प्रकारांतून मृत्यू झाले आहेत. अशाच एका मृत्यूनंतर १९९७ मध्ये पोर्टरांच्या रक्षणासाठी आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला. तीस किलोंची मर्यादा, उबदार कपडे, निवारा, विमा, आणि आजारी पडल्यास पाहुण्याला मिळतील तेच उपचार, या त्यांच्या मागण्या साध्या आहेत. गावात चार दिवस भिंत रंगवून गरिबांची सेवा केली असे मानणाऱ्या गटाला आपल्या पोर्टरचा विमा कितीचा आहे हे माहीत नसेल, तर त्याच्या नैतिक शिक्षणात मोठे छिद्र आहे. ज्या माणसाशी आपला खरा, रोजचा, पैशाचा संबंध आहे त्याच्याशी न्यायाने वागणे ही सेवेच्या आधीची पायरी आहे.

आता सेवेची बाजू. तिचे लोकप्रिय रूप म्हणजे बांधकाम, मुख्यतः शाळेचे. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळमधल्या सात हजारांहून अधिक शाळांचे मोठे नुकसान झाले. तो दिवस शनिवार, म्हणजे नेपाळच्या आठवड्याच्या सुटीचा होता आणि वेळ दुपारी बाराच्या जवळची होती. शाळा भरलेल्या असत्या तर काय झाले असते, या विचाराने त्या देशात शाळेच्या भिंतीचा अर्थच बदलला. चिखलात रचलेले दगड, आडवे पट्टे नसलेल्या भिंती, कोपऱ्यांना बांधणी नाही, ही बांधकामे आधी कोसळली. भूकंपात टिकणारी भिंत हे कुशल गवंड्याचे काम आहे. पट्टा कुठे घालायचा, सळई कशी वाकवायची, काँक्रीट किती दिवस भिजवायचे, हे ज्यांना कळते त्यांच्याच हातात ते हवे. कधी थापी न धरलेल्या सोळा वर्षांच्या पाहुण्यांकडून ते करून घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही. मग त्यांना वाळू वाहायला, भिंत रंगवायला ठेवतात. त्याने धोका होत नाही हे खरे, पण जिथे मजुरी शोधत तरुण आखाताची वाट धरतात त्या देशात वाळू वाहायला लंडनहून माणसे आणण्याला काय म्हणायचे? आपल्याकडे याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात. फरक इतकाच की इथे भाकऱ्या भाजणाराच त्यासाठी पैसे मोजतो.

शिकवण्याच्या सेवेची अडचण आणखी वेगळी. ब्रिटिश शाळांची मोठी सुटी जुलै-ऑगस्टमध्ये येते. तेव्हा नेपाळमध्ये भर पावसाळा असतो. वाटांवर जळवा आणि दरडी, शिखरे ढगाआड, शेतात भाताची रोपणी, आणि मध्य पहाडातल्या अनेक शाळांना त्याच सुमारास पावसाळी सुटी. म्हणजे पाहुण्यांची सोय आणि यजमानांची सवड यांचा मेळच बसत नाही. हाच मेळ बसवण्यासाठी कित्येक गट नेपाळऐवजी पर्जन्यछायेतल्या लडाखला जातात. डोंगरासाठी हे शहाणपणाचे आहे, पण त्यातून सेवेची जागा गरजेने नव्हे तर हवामानाने ठरते, हेही उघड होते. शाळा उघडी असली तरी दर काही आठवड्यांनी नवे चेहरे येऊन तीच इंग्रजी गाणी शिकवतात तेव्हा वर्गाचा अभ्यासक्रम विस्कटतो आणि गावच्या शिक्षकाला आपल्याच वर्गात बाजूला उभे राहावे लागते. शिवाय नेपाळच्या नियमांप्रमाणे पर्यटक व्हिसावर पगारी किंवा बिनपगारी कोणतेही काम करायला मनाई आहे. यजमान देशाचा कायदा वळसा घालून ओलांडण्यापासून सुरू होणारे नागरिकत्वाचे शिक्षण कसले?

सगळ्यात गंभीर प्रकार अनाथालयांचा. नेपाळमधल्या बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात आहेत. दुर्गम जिल्ह्यांतल्या पालकांना शहरात शिक्षण मिळेल असे सांगून मुले आणली गेली आणि त्यांना अनाथ म्हणून दाखवले गेले, असे प्रकार वारंवार उघड झाले आहेत. ही बालगृहे काठमांडू खोरे, पोखरा आणि चितवन अशा पर्यटकांच्या भागांतच एकवटलेली आहेत, यातच बरेच काही आले. भूकंपानंतर नेपाळ सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले ते याच भीतीने. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनेही २०१९ च्या ठरावात अनाथालयांतल्या स्वयंसेवेच्या हानीचा उल्लेख केला. इथे सदिच्छा निरुपयोगी ठरते एवढेच नाही, ती मागणी निर्माण करते आणि पुरवठा मुलांचा होतो. याबाबत मधला मार्ग नाही. शाळेच्या कोणत्याही गटाने बालगृहाच्या दारात पाऊल ठेवू नये.

यावर हमखास पुढे केले जाणारे उत्तर म्हणजे सर एडमंड हिलरी. गिर्यारोहकांनी डोंगरातल्या लोकांचे भले केल्याचे इतके ठळक उदाहरण असताना सेवेला सरसकट नाव का ठेवायचे? उदाहरण खरेच आहे, म्हणून ते नीट पाहायला हवे. एव्हरेस्टच्या परिसरातल्या खुमजुंग गावची शाळा १९६१ मध्ये उभी राहिली ती शेर्पांनी मागितली म्हणून. हिलरी काय द्यायचे हे ठरवून गेले नव्हते. त्यानंतर ते दशकानुदशके परत जात राहिले. इमारतीपाठोपाठ शिक्षक आले, शिष्यवृत्त्या आल्या, १९६६ मध्ये शेजारच्या कुंदे गावी रुग्णालय आले. खुमजुंगच्या शाळेत शिकलेले डॉ. कामी तेंबा शेर्पा पुढे त्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर झाले. मागणी गावाची, बांधिलकी आयुष्यभराची आणि शेवटी सूत्रे स्थानिकांच्या हाती, या तीन गोष्टींवर हे काम उभे राहिले. चार दिवसांच्या शालेय सेवेत यांतली एकही नसते. हिलरींचे उदाहरण या मोहिमांचे समर्थन करत नाही, त्यांचे माप घेते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. मुले हाताने काम करतात म्हणूनच देणगीदार पैसे देतात आणि गावाला ते मिळतात. मुले गेली नाहीत तर पैसेही जाणार नाहीत. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच त्याची लाज वाटायला हवी. मुलांच्या रंगकामाचे छायाचित्र हीच देणगीची पावती होत असेल, तर गावाची गरज छायाचित्राच्या सोयीने वाकवली जाते. मोहिमेसाठी निधी जमवणाऱ्या मुलांना दीड वर्ष मिळते. त्या काळात ज्या गावात जायचे तिथल्या शाळेची व्यवस्थापन समिती काय मागते, गवंड्याची मजुरी किती, पैसे कोणामार्फत जातात, हिशेब कसा येतो, हे त्यांना शिकता येईल. पैसे द्यायला हात मळवावेच लागतात, असे नाही. तिसरा आक्षेप मुलांच्या बाजूचा आहे. गरिबी डोळ्यांनी पाहिली की माणूस बदलतो, नम्र होतो, हे खोटे नाही. पण चार दिवसांत मदत करून परतलेल्या मुलाच्या मनात दुसरीच समजूतही तितक्याच सहज रुजते. तिथली माणसे गरीब पण सुखी आहेत, त्यांना आपल्यासारख्यांची गरज आहे, आणि ती गरज पोराटोरांनाही भागवता येते, ही ती समजूत. इव्हान इलिच यांनी १९६८ मध्ये मेक्सिकोत स्वयंसेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा रोख हाच होता. पाहायला, चढायला, शिकायला या, उपकार करायला येऊ नका, असे त्यांचे म्हणणे होते. भाषण कठोर होते आणि प्रत्येक स्वयंसेवेला ते लागू पडत नाही. कुशल डॉक्टर, अभियंता, शिक्षक-प्रशिक्षक यांची गोष्ट निराळी. शाळकरी मुलांना मात्र ते तंतोतंत लागू पडते, कारण कौशल्य नसणे हा त्यांचा दोष नाही, त्यांचे वय आहे.

मग शाळेने करावे काय? ट्रेक ठेवावा आणि तो अधिक खरा करावा. दिवस वाढवावेत, उंची कमी ठेवावी, रोजचे निर्णय आणि पैसे मुलांच्या हाती द्यावेत, पोर्टरचे करार मुलांनीच वाचून तपासावेत. गावातल्या मुक्कामात नाते उलटे करावे. घरमालकीण शिकवेल, पाहुणे शिकतील. ढिंडो, म्हणजे पिठाची घट्ट उकड, करणे, चौरीचे दूध काढणे, पाण्याच्या पाळ्या कशा ठरतात, गावाचा वनगट जंगल कसे राखतो, हे समजून घेण्याचे वाजवी शुल्क गावाला मिळावे. लडाखमधल्या सेकमोलसारख्या संस्थेने पाहुण्यांकडून इंग्रजी संभाषणाच्या सरावासारखी नेमकी, स्वतः ठरवलेली मदत घेतली आहे. यजमानाने काम नेमून दिले तर ते करायला हरकत नाही, फक्त ते कंपनीच्या माहितीपत्रकात आधी छापलेले नसावे. सेवा शिकायचीच असेल तर ती घराजवळ, वर्षभर, एकाच ठिकाणी करावी, जिथे भाषा येते आणि पुढच्या आठवड्यात परत जाऊन चूक सुधारता येते. पुण्या-मुंबईच्या शाळेला त्यासाठी मावळ, जव्हार, मुरबाड पुरेसे जवळ आहेत. हे सगळे केल्यावर माहितीपत्रक कमी आकर्षक होईल, काही पालक नाराज होतील, काही मुले नाव मागे घेतील. ही किंमत मोजण्यासारखी आहे. कारण मग जी मुले जातील ती हिमालयाला तारायला नव्हे, हिमालयाकडून शिकायला जाताहेत हे त्यांनाही ठाऊक असेल, आणि ज्या गावात ती उतरतील त्या गावालाही.